बॉनेटवरचे दोरे

फुमिएने लाल लोकरीचा गुंडा हानावाच्या हातात ठेवला आणि बॉनेटकडे बोट केलं.

"बोटभर लांबीचे तुकडे कापा. चिकटपट्टी फक्त पुढच्या टोकाला, मागचं टोक मोकळं. दोन दोऱ्यांत चार बोटं अंतर."

हानावाने मुकाट्याने कात्री उचलली. बासष्ट वर्षांचा माणूस, शर्यतीच्या गाड्या तयार करणारं स्वतःचं गॅरेज, हाताखाली सहा कारागीर. पण आज तो एकटाच आला होता आणि फुमिएच्या शेडमध्ये, जानेवारीच्या थंडीत, गाडीवर ओणवा होऊन लोकरीचे तुकडे चिकटवत होता. हे काम तिने दहा मिनिटांत उरकलं असतं. तिने ते मुद्दाम त्याच्या गळ्यात मारलं होतं. स्टुलावर बसून ती वाळवलेल्या रताळ्याच्या फोडी चघळत राहिली. त्याला घ्या म्हणून विचारलंसुद्धा नाही.

टर्बो गाडीच्या बॉनेटखाली भट्टी पेटलेली असते. ती गरम हवा बाहेर काढायला बॉनेटला झरोके पाडावे लागतात, आणि एके काळी अख्ख्या इबाराकी प्रांतात ते काम करावं तर नेमोतो नवरा-बायकोनं, असं लोक म्हणत. पत्रा कापायचा इसाओ. कापलेल्या कडा ठोकून वळवायची फुमिए. वीस वर्षं अशीच वाटणी होती आणि दोघांपैकी कुणालाही ती बदलावीशी वाटली नाही.

मग अकरा वर्षांपूर्वीची ती हिवाळी शर्यत झाली. त्यांनी झरोके पाडलेलं बॉनेट लावून हानावाची गाडी धावली आणि तिसऱ्या फेरीत पाणी उकळून इंजिन जळालं. गाडी ओढून आणली तेव्हा मैदानाच्या आवारात तीसेक माणसं होती, सगळी याच धंद्यातली. त्यांच्यासमोर हानावा म्हणाला होता, नेमोतोची भोकं गरम हवा बाहेर सोडत नाहीत, बाहेरची आत घेतात. इसाओ कमरेत वाकला. असं कुणी वाकलं की समोरच्याने 'मान वर करा' म्हणायचं असतं आणि विषय तिथेच मिटवायचा असतो. हानावा पाठ फिरवून निघून गेला. इसाओ तसाच वाकलेला राहिला, शेवटी फुमिएने त्याला कोपराला धरून बाजूला नेलं.

वसंत येईपर्यंत काम आटलं. इसाओ भाजीबाजारात हमाली गाडी चालवायला लागला आणि चार वर्षांनी हृदय बंद पडून गेला. डॉक्टरांनी कारण काहीही लिहिलेलं असो, फुमिएच्या लेखी ते कारण हानावा होता. त्यानंतर ती सामान पोचवणाऱ्या गाड्यांचे चेपलेले दरवाजे सरळ करत राहिली आणि रोज, हातोडीच्या ठोक्याठोक्याला, एकच वाक्य मनात घोटत राहिली. कधीतरी हा माणूस आपल्या दारात येईल तेव्हा त्याला काय सुनवायचं, त्याचं ते वाक्य होतं.

तो गेल्या आठवड्यात आला. मिठाईचा खोका घेऊन आला, दारातच उभा राहिला. गाडी तीच होती, अकरा वर्षांपूर्वीची, तयार झरोक्यांचं बॉनेट तिला बसत नव्हतं आणि हाताने पत्रा वळवणारे लोक एक तर थकले होते नाहीतर गेले होते. शनिवारी त्याच मैदानावरच्या शर्यतीत त्याची लेक ती गाडी चालवणार होती. फुमिएने खोक्याला हात लावला नाही. झरोके पाडीन म्हणाली, पण एका अटीवर. आधी बॉनेटवर दोरे चिकटवून गाडी पळवायची, हवा कुठून कशी वाहते ते दोघांनी डोळ्यांनी बघायचं. झरोके काचेच्या पायथ्याशी पाडणं बरोबर होतं असं दोऱ्यांनी दाखवलं, तर त्याने शनिवारी त्याच आवारात, त्याच माणसांसमोर सांगायचं की नेमोतो इसाओ बरोबर होता.

काहीतरी हानावाच्या ओठांवर आलं आणि परत गेलं.

"ठीक आहे वहिनी," तो म्हणाला. "दोरे सांगतील ते मी सांगेन."

तिला वाटलं, सापडला. त्या रात्री तिला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली.

दोरे चिकटवून झाले तसे ते निघाले. कमळाच्या शेतांमधून जाणारा शेतरस्ता दोन किलोमीटर सरळसोट होता. दोन्ही बाजूंना माणसं छातीभर चिखलात उतरून पाण्याच्या पाइपने कमळकाकड्या सुट्या करत होती. हानावाने वेग ऐंशीवर नेला, मग एकशे दहावर. फुमिए शेजारच्या सीटवर पुढे झुकून बसली होती.

बॉनेटच्या पुढच्या भागातले दोरे मागे ताणून थरथरत होते. मधले तर पत्र्यावरून किंचित उचलले गेले होते, वरून कुणी ओढून धरावेत तसे. आणि काचेच्या पायथ्याशी, जिथे अकरा वर्षांपूर्वी झरोके होते, तिथले दोरे उलटे फिरले होते. हवा काचेवर आपटून तिथे साचत होती, खाली दाबत होती, आणि ते लाल तुकडे गाडीच्या नाकाकडे तोंड करून वळवळत होते. तिथे भोक पाडलं तर हवा आतच शिरणार, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने गाडी वळवली. दोरे पुन्हा तसेच वागले. तिसऱ्या खेपेला तिने सांगण्याआधीच त्याने गाडी वळवली. पंपघरापाशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. तो आता खदखदून हसेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणून ती अंग आवळून बसली.

"इसाओलाही असेच दिसले होते," हानावा म्हणाला.

ती वळली. "कधी?"

"त्याची आई गेल्याचा फोन आला ना, त्याच्या आदल्या दिवशी. याच रस्त्यावर. मी चालवत होतो, तो तुम्ही बसलाय तिथे होता. काचेजवळचे दोरे बघून हसला. म्हणाला, इथे भोक पाडणारा स्वतःच्याच घरात धूर सोडेल. आणि लाल पेन्सिलीने पुढे, मध्यावर, खुणा केल्या."

फुमिएने बॉनेटच्या मध्याकडे बघितलं.

"मग शर्यतीच्या सकाळी तुम्ही बॉनेट आणून दिलंत, तर भोकं नेमकी काचेपाशी. मला वाटलं, गावी जायच्या आधी त्याने कापून ठेवलं असेल, ऐनवेळी काही सुचलं असेल. त्याच्या हातावर माझा तेवढा विश्वास होता. मी लावलं. नंतर त्याला विचारलं, हे काय केलंस. चूक माझी, एवढंच म्हणाला. मला राग त्याचा आला वहिनी. इंजिनाचा नाही. ठाऊक असून असं का केलं, ते तो सांगेना."

खिडकीबाहेर एक म्हातारा चिखलातून कमळकाकड्यांचा भारा ओढत होता. फुमिए त्याच्याकडे बघत होती, पण तिच्या डोळ्यांपुढे एक जाड चौकोनी कागद होता. इसाओचा फर्मा, पत्र्यावर ठेवून झरोके आखायचा. त्याने तो खुणांवरून कापून टेबलावर ठेवला आणि आओमोरीला, गावी, आईच्या अंत्यविधीला निघून गेला. परत तो थेट शर्यतीच्या मैदानावरच येणार होता. बॉनेट तोवर तयार हवं होतं, म्हणून त्या एका खेपेला पत्रा तिने कापला. नवऱ्याचं काम अडू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही येतं हे त्याला दाखवावं म्हणून.

फर्म्याच्या एका बाजूला खाच होती. फुमिए पत्र्याचं काम शिकली ती मितोला, वडिलांच्या हाताखाली. तिथे खाच काचेकडे ठेवायची रीत. इसाओ जिथे शिकला तिथली रीत कोणती, हे तिने वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती. खाच नाकाकडे ठेवली असती तर झरोके मध्यावर आले असते, अगदी तिथे, जिथे आज दोरे वर उचलले जात होते.

आणि इसाओ. मैदानावर पोचला तेव्हा गाडीतून वाफ निघत होती. त्याने बॉनेट बघितलं, क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग झरोक्याच्या कडेवरून तळवा फिरवला आणि हळूच म्हणाला, कडा सुरेख वळल्यात. तेवढ्यात हानावा आला होता.

चार वर्षं तो तिच्या शेजारी जेवला, झोपला, आणि त्याने हे तिला कळू दिलं नाही. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूसच उरला नव्हता.

"शनिवारचं तुम्हीच ठरवा," हानावा म्हणाला. "तो बरोबर होता असं मी सांगतो. भोकांची जागाही बरोबर होती म्हणतो. दोरे आपल्या दोघांशिवाय कुणी पाहिलेत? माझं वय झालं आता, चार लोक हसले तर हसले."

अकरा वर्षं घोटलेलं सगळं तो ताटात वाढून देत होता. तिने फक्त मान हलवायची होती.

"तो बरोबरच होता," फुमिए म्हणाली.

"तेच म्हणतो मी."

"तसं नाही. फर्मा त्याचा होता, आणि तो बरोबर होता. कापलं मी. फर्मा उलटा ठेवून. त्याने ते बॉनेट पाहिलं तेव्हा तुमचं इंजिन जळून गेलं होतं."

हानावाचे हात स्टिअरिंगवरून घसरले. त्याचा चेहरा बघता बघता म्हाताऱ्याचा झाला.

"वाकला होता तो," तो म्हणाला. "आणि मी..."

हाच चेहरा बघायला ती अकरा वर्षं जगली होती. आता तो हातभर अंतरावर होता, आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

इंजिन गार होताना टिकटिक करत होतं. मग हानावाने नाक पुसलं आणि म्हणाला की शनिवारी तो सगळ्यांना गोळा करेल आणि चूक आपली होती म्हणून सांगेल. वहिनींचं नाव मध्ये येण्याचं काही कारण नाही.

"नाही," फुमिए म्हणाली. "मी सांगेन. कमरेत वाकून सांगेन. तुम्ही फक्त तिथून निघून जाऊ नका."