बांधावरची पेटी

पाचवी पेटी उघडली आणि कुजका वास आला. पोळ्यावर पांढऱ्या धाग्यांचं जाळं, त्यात मेण खाणाऱ्या अळ्या. माशी एकही नाही.

"हेही गेली, पुष्पे," नत्थूजीकाका म्हणाले. त्यांची संत्र्याची बाग आमच्या बागेला लागूनच. "आता सहावी पाहून काय करतं? चाल, चहा घे."

सहावीही तशीच निघाली.

एकोणऐंशीचा श्रावण होता. बाबा पौषात गेले. मागे सात पेट्या आणि एकटी मी. बाबा दर उन्हाळ्यात रानातल्या एखाद्या महूच्या झाडाच्या ढोलीतून मधमाश्या पेटीत भरून आणायचे. प्रत्येक पेटी वेगळ्या झाडाची, वेगळ्या स्वभावाची. म्हणायचे, "एका मायच्या साऱ्या झाल्या, तं एकाच दुखण्यानं साऱ्या जातीन."

मी पुस्तकं वाचली होती. शांत राणीचीच पैदास करावी, असं त्यांत होतं. रिकाम्या घरात मलाही शांतच काही हवं होतं. आंबिया बहारात, संत्री फुलली तेव्हा, पाच पेट्यांतल्या राण्या काढल्या आणि सहावीतल्या गरीब राणीच्या मुली त्यांत दिल्या. सातवी, बाबांनी आणलेली शेवटची, कजाग होती. दहाव्याला आलेल्या माणसांनाही चावली. ती मी दूर बांधावर ठेवली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही.

"बांधावरची पाह्यत नाहीस काहून?"

"तीही गेली असेल, काका."

"सकाळीच कानाले चावली मले. मेलेली चावते काय वं?"

बांधावर गवत कमरेएवढं झालं होतं. पेटीच्या दारात एक माशी तसलीच, आपल्याहून लांब अळी ओढत बाहेर येत होती. काठावर आणून तिनं ती खाली टाकली. खाली मुंग्या वाटच पाहत होत्या. मागून दुसरी माशी आली, तिच्याही तोंडात अळी.

मी झाकण उचललं. बाबांसारखं, उघड्या हातांनी. तीनदा चावल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना. काका संत्र्याच्या झाडाकडे पाहत उभे राहिले.

मग म्हणाले, "आता साऱ्या पेट्या हिच्याच भर."

"नाही," मी म्हटलं. "आणखी ढोल्या लागतील. वेगवेगळ्या. बाबांना ठाऊक होत्या."

"तुह्या बाबालेच ठाऊक होत्या काय?" काकांनी सुजलेला कान चोळला. "वीस वर्सं शिडी कोण धरे वं त्याची?"