भिंतीवरची वाकळ

जुनं कुणी नुसत्या मायेपोटी मागून नेतं, यावर नायगावच्या साखराबाईचा मुळीच विश्वास नव्हता. सासूचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा धाकटी जाऊ पुनम हिनं नांदेडच्या फ्लॅटसाठी तीनच गोष्टी मागितल्या. चेपलेला तांब्याचा हंडा, लाकडी पेटी आणि म्हातारीच्या हातची वाकळ. समई नको, पैठणी नको, जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली ती गोधडी मात्र हवी. साखराबाईनं लगेच दिली, पण तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

कारण म्हातारीची बोरमाळ सापडली नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं दोन वर्षं सगळं केलं ते साखराबाईनं, आणि माळ गेली म्हटल्यावर नजरा वळल्या त्याही तिच्याकडेच. चोर सोडून संन्याशाला सुळी. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण भावकीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या की आधी तिच्या गळ्याकडे बघायच्या. ते तिला फार लागायचं.

रझाकारांच्या धामधुमीत सासूच्या आईनं दागिने वाकळेत शिवले होते आणि ती लेकराच्या अंगावर घालून गाव सोडलं होतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक सुनेनं ऐकलेली. सासूनंही तसंच केलं असणार आणि ते पुनमला आधी सुचलं असणार, असं साखराबाईनं धरून ठेवलं होतं.

मोतीबिंदू काढलेला डोळा दाखवायला ती नांदेडला आली आणि जावेकडे उतरली. घर बघून चाटच पडली. हंड्यात मनीप्लांट, पेटीवर काच टाकून चहाचा टेबल, आणि समोरच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीसारखी टांगलेली वाकळ. चिंध्यांचे एवढे लाड पाहून तिला हसूच येणार होतं. तेवढ्यात नव्या डोळ्याला खालची कड दिसली. सासूचा धावदोरा बारीक आणि पांढरा; इथं हातभर कडेला जाड, पिवळट धागा होता.

पुनम भाजी आणायला खाली गेली. साखराबाईनं कडी लावली, वाकळ उतरवली आणि कात्रीनं तो पिवळट धागा सरासरा उसवला. कोपरापर्यंत हात घातला. आत लुगड्यावर लुगडं, मण्याएवढंही काही लागेना. मग तिनं दुसरी कडही उसवली. वाकळेचे थर फरशीवर पसरले आणि दारावर थाप पडली.

आता लपवणार काय? तिनं दार उघडलं. पुनमनं आधी फरशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. भाजीची पिशवी हळूच खाली ठेवली.

"माळ कुठंय?" साखराबाईनं विचारलं.

"न्हाई सापडली, अक्का. मी पण उसवून बघितलं."

"म्हंजे त्याच्यासाठीच नेली व्हती तू."

"हाव." पुनमनं मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्हीच हिच्यात लपवली. मागितल्यावर न्हाई म्हणता का, ते बघायचं व्हतं. तुम्ही लगेच दिली, तव्हा वाटलं, आधीच काढून घेतली असंल."

म्हणजे दिली तरी चोर, न दिली तरी चोर. साखराबाईला रडू आवरेना. म्हातारीला भरवलेला एकेक घास तिच्या डोळ्यांपुढून गेला. पुनम सांगत राहिली, की आत बारशाची, डोहाळजेवणाची लुगडी दिसली, फेकवेना, शिवताना तिलाही भरून आलं, म्हणून भिंतीवर लावली. ते खरंही असेल. पण जी एकदा खोटं बोलून वाकळ नेते, ती माळ सापडली तर सांगेल का, हेही साखराबाईच्या मनात येऊन गेलं.

दुपारी दोघी वाकळ शिवायला बसल्या, एक या कडेला, एक त्या कडेला. टाका घालताना दोघीही एकमेकींच्या हाताकडे बघत होत्या.

निघायच्या वेळी साखराबाईनं आपली पिशवी पेटीवरच्या काचेवर उपडी केली. साडी, चष्म्याचं घर, पानाची चंची. एकेक वस्तू झटकून दाखवली.

"बघून घी बाई. मागून कुणी म्हणाया नको."

"अक्का, असं नका करू," पुनम म्हणत राहिली. पण चंचीचा शेवटचा कप्पा उलटा होईपर्यंत तिनं नजर हलवली नाही.