डॉक्टरांची खुर्ची

"नर्सिंग करून तीन वर्षांनी काय होशील? नर्सच. इथे आजपासून डॉक्टर आहेस," असं म्हणून आमच्या डॉक्टर चंद्रशेखरांनी अमडापूरच्या दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ते बुलढाण्याच्या नव्या दवाखान्याकडे निघून गेले. टेबलावर सह्या केलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. औषध मी लिहायचं, नाव त्यांचं.

मी मेडिकल असिस्टंटचा सर्टिफिकेट कोर्स केलेली बाई. बीपी बघते, ड्रेसिंग करते, डॉक्टर सांगतील ती सुई टोचते. पण गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सकाळपासून सगळे मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत होते. माझा नवरा जीवन तर पेढे वाटून आला. "आता नर्सिंगचा फॉर्म कायले भरायचा, योगिनी? पोचली ना तू!" मला त्याचा राग आला. पण खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीत बसून बरंही वाटत होतं. मऊ होती.

दुपारी भगवंतरावांना रिक्षातून आणलं. वांग्याच्या वावरात अचानक छातीत कळ आली होती. अंगाला दरदरून घाम, चेहरा पार उतरलेला. सोबत बायको सत्यभामाबाई आणि मुलगा शिवम.

"ग्यास झाला असंन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मांगच्या खेपेले सुई देली तं मोकळं झालं होतं. तेच दे."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्याकडे भिंतीत ड्रिल चाललं होतं.

"दुखण्याचं दे दंडात, गॅसचंही दे. तुला येतं सगळं."

"सर, घाम फार आहे. तुम्ही एकदा..."

"योगिनी, पुढं जायचं असेल तर घाबरून चालत नाही."

फोन बंद.

मी सुई भरली. मी सांगण्याआधीच भगवंतरावांनी बाही वर सारली आणि डोळे मिटून घेतले. हा माणूस खुर्ची बघून दंड पुढे करत होता, आणि खुर्चीत तर मी होते.

"मी नाही देत," मी म्हणाले.

"काऊन?" शिवम उठला.

"काय झालं ते मले समजत नाही. मी डॉक्टर नाही. चिखलीले न्या, आत्ताच."

"अन् रस्त्यात काही झालं म्हंजे?" सत्यभामाबाईंनी हात जोडले. "पाया पडतो वं माय, दे एवढी."

मी भरलेली सुई डब्यात टाकून दिली.

"समजत नाही, तं मंग बसली कायले त्या खुर्चीत?" शिवम ओरडला.

रिक्षा दारातच होती. किल्ली खुर्चीवर टाकून, कुलूपबिलूप न लावता मीही त्यांच्यासोबत बसले. प्रत्येक खड्ड्याला भगवंतराव कण्हत होते, आणि कण्हणं थांबलं की मी त्यांची नाडी चाचपत होते. हे वाटेत गेले, तर सुई न देणारी मी, हे गाव जन्मभर विसरणार नव्हतं. सत्यभामाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या.

चिखलीच्या सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. ती बघून तिथली तरुण डॉक्टरीण धावतच बाहेर आली. "हार्ट अटॅक आहे. गुठळी विरघळवायचं औषध सोडायचंय. यांना दंडात, कमरेत कोणी इंजेक्शन दिलंय का? दिलं असेल तर तिथून रक्तस्राव होईल. खरं सांगा!"

सत्यभामाबाईंनी माझ्याकडे बोट रोखलं. "नाही देली हो हिनं! हात जोडले, पाया पडली, तरी नाही देली!"

"बरं झालं," म्हणत डॉक्टरीण आत पळाली.

सत्यभामाबाईंचं बोट तसंच वर राहिलं. मग त्या बाकावर मटकन बसल्या आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं.

संध्याकाळी भगवंतरावांनी डोळे उघडले. पाणी मागितलं.

त्याआधीच डॉक्टर चंद्रशेखरांचा फोन येऊन गेला होता. दवाखाना उघडा टाकलास, उद्यापासून येऊ नकोस. "किल्ली खुर्चीवरच आहे सर," एवढंच मी म्हणाले. मग जीवनला फोन केला.

"नर्सिंगचा फॉर्म भरायचा आहे."

"अन् वाटले ते पेढे?"

"ते भगवंतराव वाचल्याचे समज."