दम घुमवणारे सर

लातूरच्या दवाखान्यात ह्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. घरी सोडताना तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं, मनस्विनीनं, आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "काका, रोज चालायचं. पण चालता चालता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करा. घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, तुमच्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत."

सल्ला चांगला होता. दुसऱ्या कुणाच्याही नवऱ्याला तो लागू पडला असता.

आमचे हे, वसंतराव, उदगीरला शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि त्याआधी हुतुतूचे खेळाडू. लग्न ठरायच्या आधी मी त्यांना पाहिलं तेच मैदानावर. समोरच्या गड्यांत शिरलेले, दोघं पाय ओढतायत, आणि तोंडानं हुतुतूचा सूर अखंड चाललेला. ह्यालाच दम घुमवणं म्हणतात; मध्ये श्वास घेतला की बाद. छाती फुटायला आली तरी सूर हलू द्यायचा नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही त्यांची सगळी विद्या. पुढं शाळेतल्या पोरांना त्यांनी तीच शिकवली. असा माणूस चालताना बोलतो, यावरून तो किती दमलाय हे कसं कळावं?

सकाळी हे किल्ल्याच्या रस्त्यानं निघत. सोबतीला आमच्या गल्लीतले आडत दुकानवाले सिद्रामप्पा. परत आले की सिद्रामप्पा धापा टाकत ओट्यावर बसत आणि मला म्हणत, "वहिनी, सरांना जाळी घातली का इंजन? मी पळून राहिलो अन् हे भाषण देऊन राहिलेत."

"ऐकलंस?" हे म्हणत. "बोलता येतंय. तुझ्या मनस्विनीच्या परीक्षेत पास."

वाक्य संपलं की हे चपला काढायला वाकत आणि भिंतीकडं तोंड करून श्वास ओढत. ओठांचा रंग उडालेला.

"तुम्ही दम घुमवून राहिलात," मी म्हणाले.

"उगी काहीतरी बोलू नको."

"छातीत दाटतंय का?"

"चहा टाक."

पुण्याहून अनिमेषचा, आमच्या मुलाचा, फोन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाबांच्या घड्याळातले ठोके मला मोबाईलवर दिसतात. एकदम छान आहेत." गोळ्यांमुळं ते छानच दिसणार, हेही मी त्याला सांगितलं. त्यानं हो हो केलं आणि जेवलीस का विचारलं. नवरा काय, मुलगा काय, माझं ऐकायला एक नाही.

लातूरला पुढच्या तपासणीला गेलो. मनस्विनीनं ह्यांच्या छातीला तारा लावून त्यांना चालत्या पट्ट्यावर उभं केलं. "काका, शाळेतलं काहीतरी सांगा." झालं, हे सुरू झाले. पट्टा चढाचा झाला तरी आवाज तसाच खणखणीत.

मी उठले. "मनस्विनी, ते काय बोलतात ते ऐकू नको. श्वास कुठं घेतात ते बघ."

"इंदू तू खाली बस हिला काय कळतंय तू आपलं काम कर बाळा," हे म्हणाले, सगळं एका दमात.

मनस्विनीनं ह्यांच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. पडद्यावरची हृदयाची रेघ खाली वाकायला लागली होती. तिनं पट्टा हळू करत थांबवला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

"छातीत दाटतंय?"

"नाही."

"काका."

"थोडं. रोजच होतं. आपोआप जातं."

रोजच. मी विचारून विचारून थकले होते, आणि मला चहा टाकायला सांगितलं जात होतं. त्या घडीला मला भीती वाटायला हवी होती, पण संतापच आला.

पुन्हा तपासण्या झाल्या, औषध बदललं. मनस्विनीनं वेग निम्म्यावर आणला. "आता काकूंबरोबरच चालायचं, त्यांच्या गुडघ्यांच्या वेगानं. काकू, बोलताना मध्ये मध्ये श्वास दिसला पाहिजे. दाटलं की लगेच थांबायचं, बसल्यावरही गेलं नाही तर जिभेखाली गोळी आणि तडक दवाखाना."

"म्हणजे हिच्या हाताखाली," हे म्हणाले.

तेव्हापासून हे माझ्यासोबत चालतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. रुसलेत. बोललेच नाहीत तर मी ऐकू काय? विनवून झालं, नातवाच्या गोष्टी काढून झाल्या. शेवटी काल, रस्त्यावरच, मी म्हणाले, "नांदेडच्या सामन्यात हिमायतनगरच्या पोरांकडून हरलात ना? लोक म्हणत, तुमचाच पाय रेषेबाहेर गेला."

हे गर्रकन वळले. "कोण म्हणतं? तो पंच त्यांचा..." श्वास घेतला. "त्यांचा सोयरा होता. पाय आत होता माझा."

"मी तर बाहेर होता असं ऐकलं."

"तुला काय..." पुन्हा श्वास. "काय कळतंय?"

चिडले की सूर सांभाळायचं त्यांना भान राहत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या गोष्टीचा मला पहिल्यांदा उपयोग झाला. चढ लागला तसं बोलणं लवकर लवकर तुटायला लागलं. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि हात ओढून त्यांनाही बसवलं. बसले, पण पंचाला शिव्या चालूच.

हे भांडण फार तर आठवडाभर पुरेल. मग मला दुसरं शोधावं लागेल.