दुपारचा तोतया

"शर्ट यांचाच आहे," काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "काजं बघा, मी माझ्या हातानं केलीत. पण आतला माणूस ते नव्हेत."

आतला माणूस खुर्चीत बसला होता, हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. गळ्यात मापाची टेप होती. "मीच आहे हो, बाई," तो म्हणाला.

"बघितलंत? आवाजसुद्धा उचललाय मेल्यानं."

मी पोलिसांत हवालदार आहे, एकवीस वर्षं झाली. चोरीचा, मारामारीचा फोन आला की आमच्या ठाण्यातले पुरुष बूट घालत पळतात. कुणाचं डोकं फिरल्याचा फोन आला की त्या सगळ्यांना एकदम कामं आठवतात आणि तो माझ्या गळ्यात पडतो. कारण काय, तर बाईमाणूस समजूत काढते. त्यासाठी आम्हाला एक दिवसाचं शिबिरही झालं होतं, त्यात जेवणाची सुट्टी सर्वांत मोठी होती. बाकी मी जे काही शिकले ते लोकांच्या दारात उभं राहून.

त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं त्यांचं शिलाईचं दुकान होतं. आता नजर अधू झाली म्हणून मशीन घरी आणली होती, दुकानात नुसती कापणी आणि मापं. मला बाहेर ओट्यावर नेऊन त्यांनी सांगितलं, "सकाळी बरी असते. दुपारी जेवून जरा पडते, आणि उठली की मी तिला मी वाटत नाही. दिवेलागणीला परत सगळं ठीक."

"दवाखान्यात दाखवलं?"

"गेल्या वर्षी पोलीसच घेऊन गेले होते, चौघं जण. अकरा दिवस ठेवली. परत आली ती महिनाभर बोलली नाही. काज करायला दिलं तर सुई हातात धरून नुसती बघत राहायची." त्यांनी माझ्यापुढे हातच जोडले. "तिथं नको, बाई. तुम्ही म्हणाल ते मी करतो."

मला त्यांची फार दया आली, आणि दया आली की माझं डोकं नको इतकं चालतं. आत जाऊन मी काकूंना ठणकावून सांगितलं, "काकू, घाबरू नका. याला मी घेऊन जाते."

त्यांचा चेहरा असा सैल पडला की काय सांगू! इतक्या दिवसांत त्यांचं ऐकणारं पहिलंच कोणी भेटलं होतं. मी मास्तरांना दंडाला धरून जीपमध्ये बसवलं, दुकानावर सोडलं आणि सहा वाजता गल्लीच्या कोपऱ्यावर परत आणलं. ते चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला हसत सांगत होते, "दार उघडल्या उघडल्या म्हणाली, अहो, आज घरात एक तोतया घुसला होता, पोलीस आले म्हणून निभावलं. मीही खोटं खोटं घाबरलो."

मग ते रोजचंच झालं; दुपारी काकूंचा फोन ठरलेला. मी वहीत 'समजूत काढली' असं लिही. ठाण्यातले म्हणत, "जा, तुमचा आरोपी वाट बघतोय." मीही हसे.

हसू कधी आटलं ते कळलं नाही. काकू रोज तोतयाची नवी खूण सांगायच्या. त्याला आमची कात्री कुठं असते ते ठाऊक आहे. तो यांच्यासारखाच खोकतो, पण आधी माझ्याकडे बघतो आणि मग खोकतो. मास्तर खुर्चीत बसून ऐकत असत. "मीच आहे" म्हणायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. एकदा जीपमध्ये म्हणाले, "बाई, तुम्ही दंड धरून बाहेर काढता ना, तेव्हा फाटकापर्यंत मला वाटायला लागतं, आपण खरंच काहीतरी केलंय."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, मास्तर!" पण त्या रस्त्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं आणि कोणी दुसराच दिसला असता तर, असा वेडा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

मग नवे साहेब आले. त्यांनी वही वाचली. "पोलीस जीप म्हणजे काय नवरे फिरवायची गाडी आहे? पुढचा फोन आला की सरळ रुग्णवाहिका. बाईला दाखल करा." मी "हो साहेब" म्हटलं. गुरुवारी फोन आला तेव्हा मी नोंदच केली नाही आणि गुपचूप मास्तरांना बाहेर काढलं. पण पुढच्या फोनला माझं काही चालणार नव्हतं. हे दोघांनाही सांगायला हवं, म्हणून सहा वाजता जीप कोपऱ्यावर न थांबवता मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले.

मास्तरांनी बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, हा सुटला कसा?"

"काकू, हे मास्तर आहेत. दुकानातून आलेत."

"ते कधीच आलेत." त्यांनी आवाज खाली आणला. "हळू बोला, आत कामात आहेत." त्या हसत होत्या. इतक्या निवांत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. "आणि हा तो दुपारचा. तुम्हीच नाही का पकडून नेत?"

डॉक्टर, शेजारी, सगळे त्यांना तुमचा भास आहे म्हणत होते. हा माणूस खोटा आहे, असं वर्दी घालून सांगितलं ते मी एकटीनं.

काकूंनी दार ओढून फट आणखी बारीक केली. आता त्या ओरडणार, शेजारी जमणार, कोणीतरी फोन करणार. मास्तरांनीही ते ओळखलं असावं. ते एक पायरी खाली उतरले, त्यांनी दोन्ही मनगटं एकाला एक लावून माझ्यापुढे धरली, आणि मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, वहिनी. परत नाही येणार."

मी त्यांचा दंड धरला. काकूंनी समाधानानं दार लावलं.

आम्ही फाटकाशी पोहोचलो आणि आत शिलाई मशीन सुरू झाली. पायाची मशीन, चांगली लयीत.

"मास्तर, काकू शिवतात?"

"कधीच नाही. पायाला ताल नाही तिच्या. काज-बटण तेवढं करते, हातानं."

"मग आत कोण आहे?"

"आम्ही दोघंच असतो, बाई."

मी परत फिरायला निघाले, तर त्यांनी मला अडवलं. डोकं एका बाजूला कलतं करून ते ऐकत राहिले. मशीन शिवणीच्या वळणावर जरा हळू झाली, थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"गाडी बोलवू नका," ते म्हणाले. "ती घाबरलेली नाही आज."

"आणि तुम्ही?"

"दुकानात झोपेन." ते अजून ऐकतच होते. "टाका सरळ पडतोय. हात चांगला आहे."

मग ते रोजच्यासारखे जीपमध्ये मागे चढून बसले.