आईच्या मुठीतला दंड

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईचं वजन आजारपणात असं उतरलं, की मांस गेलं आणि कातडी तेवढी मागे राहिली. दोन्ही दंडांखाली ती झोळीसारखी लोंबायची, घामाने चिघळायची, इस्त्रीला लागून भाजायची. त्या कातडीचं कौतुक एकाच माणसाला होतं, ते आईला. म्हातारीची नजर गेलेली. दुपारी लेकीचा दंड मुठीत आला की मगच ती झोपायची.

ती कातडी कापून काढायच्या ऑपरेशनआधीच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "काखेपासून कोपरापर्यंत व्रण राहील. फिकट होतो, जात नाही. सुरुवातीला आतलं पाणी काढायला नळी, मग सहा आठवडे घट्ट बाह्या. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. आतली बाजू बधिर होईल. बऱ्याच जणांना तिथलं पुन्हा जाणवायला लागतं, काहींना नाही."

ताईने सगळं ऐकलं, शेवटचं सोडून.

"या वयात दंड कुणाला दाखवायचेत, वन्सं?" भावजयीने विचारलं.

"इस्त्रीला. रोज बघते आणि चटका देते."

भावजय हसली, पण आईला आपल्या घरी तीच घेऊन गेली.

पहिला आठवडा दोन्ही हात उशांवर ठेवून गेला, दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसे. केस शेजारीण विंचरायची. अंगावरचे निळे डाग पिवळे पडले, सूज रेंगाळली. भावाचा फोन यायचा.

"आई दुपारची झोपत नाही. भिंत चाचपत बसते."

"उशी दे तिला."

"दिली. म्हणते, ही कुणाची?"

सातव्या आठवड्यात त्याने आईला परत आणून सोडलं. दुपारी ताई तिच्याशेजारी आडवी झाली. आईचा हात सवयीने आला, दंडावर फिरला आणि थांबला.

"कोण आहे?"

"मीच गं."

"आवाज तुझा आहे. हात परका आहे."

"दुरुस्तीला टाकला होता."

"मग आपलाच परत मागून घ्यायचा होतास," आई म्हणाली. तिने व्रणाची शिवण बोटाने कोपरापर्यंत तपासली. मग विचारलं, "धरलाय का गं मी?"

ताईला दंडावर काहीच जाणवत नव्हतं. तिने मान वळवून पाहिलं. आईची बोटं आवळून पांढरी झाली होती.

"हो आई. घट्ट धरलायस."

ती छताकडे बघत पडून राहिली. बऱ्याच वेळाने पुन्हा मान वळवली, तेव्हा आईचा हात चादरीवर पडलेला होता. तो कधी सुटला, ते तिला कळलंच नव्हतं.