झरोके बंद केले तो दिवस

हो, भिंतीतून आवाज येऊन राहिला तो माझाच! दचकू नका. मी पांढुर्ण्याचा संत्र्याच्या गोड दारूचा कारखाना. जन्मभर दारूच्या वाफेत उभा आहे, जरा भरकटलो तर सांभाळून घ्या.

मला भगवंतरावांच्या आजोबांनी बांधलं. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी तुळया आणि छताखाली चहूबाजूंनी झरोके. संत्र्याच्या साली दारूत भिजत घातलेले तांब्याचे हंडे उघडले की वाफ उठते. ती वरच्या वर निघून जावी म्हणून मला एवढं उंच केलं. घरचीच माणसं साली काढत, पाक करत, बाटल्या भरत. हंगामात माझ्या कौलांवरचे पारवेसुद्धा तिरपे उडत!

भगवंतरावांची नलिनी माझ्यातच वाढली. हंडे तीच सांभाळायची. त्र्याऐंशीच्या फाल्गुनात तिला पाहायला सौंसरचे केशवराव मास्तर आले, मुलगा अरविंदला घेऊन. मास्तर दारूचं नाव निघालं की उठून जाणारे. म्हणून भगवंतरावांनी 'संत्र्यांचा व्यापार' एवढंच कळवलेलं, आणि वास रस्त्यावर जाऊ नये म्हणून सकाळीच माझे झरोके लावून टाकलेले.

बैठक हंड्यांच्या खोलीला लागूनच. कोंडलेली वाफ दाराच्या फटीतून तिकडे शिरली.

"मुली, नाव काय तुझं?" मास्तरांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "केशव!" मग असे हसले की टोपी पोह्यांत पडली. अरविंदनं माझ्या खांबाला वाकून नमस्कार केला. मला तर लाजच वाटली. भगवंतराव उचक्या देत टाळ्या वाजवू लागले.

वाफ सगळ्यांना चढली, हे नलिनीच्या लक्षात आलं. शिडी लावून तिनं धडाधड झरोके उघडले.

"बाबा, लपवता काहून?" ती खाली येऊन म्हणाली. "काका, ही दारूची वाफ आहे. आमचं घर यावरच चालते. मी हेच काम करते, अन् लग्नानंतरही करीन. पटत नसंल तर आत्ताच सांगा."

मास्तरांचं हसू मावळलं. पोराचा हात धरून ते निघून गेले.

"पोरीचं लगन मीच मोडलं!" भगवंतराव डोकं धरून बसले. नलिनीनं हंड्यांना हात लावला नाही.

दोन दिवसांनी मास्तर एकटेच दारात उभे!

"बायको गेल्यापासून मी हसलो नव्हतो," ते म्हणाले. "वाटलं, नशेचं हसू, उतरून जाईल. पण घरी आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहून अजून हसूनच राहिलो. पोरी, काम इथं येऊन कर, घरात दारू चालणार नाही. पण खरं बोलणारी सून पाहिजे."

आता लग्नानंतरही नलिनी रोज सौंसरहून बसनं कामाला येते. माझा चुना गळतो. मला पाडून इथं टॉकीज बांधा म्हणणारेही आहेत. पाडा बाप्पा, कधीतरी पाडाच. पण मास्तर, थेंबही न घेणारे मास्तर, रविवारी येऊन माझ्या अंगणात साली काढतात आणि कारण नसताना खळखळून हसतात. ते हसतात तोवर तरी थांबा.